मागची भिंत

बाक बाजूला सारून मुलांना एका ओळीत उभं केलं आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात मिळालेला कागद वाचायला घेतला. "ज्यांना घरी स्वतःची खोली आहे, ते एक पाऊल पुढे. बाकीचे मागे." विषय होता समानता. डॉक्टरांचा मुलगा बघता बघता फळ्यापाशी पोचला. एक मुलगी मात्र मागे मागेच जात राहिली. कागद खाली ठेवावासा वाटत होता, पण दारात मुख्याध्यापिका कौतुकानं बघत होत्या, म्हणून रेटत राहिले. "ज्यांची आई लोकांकडे धुणीभांडी करते, ते एक पाऊल मागे." "बाई, भिंत लागली," ती म्हणाली. "आता कुठे जाऊ?" पुढचे फिदीफिदी हसले. वळलं कुणीच नाही. माझीही आई लोकांकडे धुणीभांडीच करायची. हे शाळेत कुणाला कळू दिलं नव्हतं. कागद चुरगाळला, तिच्याशेजारी जाऊन भिंतीला पाठ टेकवली. तेव्हा कुठे वर्ग मागे वळला.