चाळीसपैकी शून्य

"चाळीसपैकी शून्य!" पद्मजा मॅडमनी गणिताचा पेपर टेबलावर आपटला. "कांताबाई, तुमची रीना आठवीत नापास झाली."

"काहून वं पोट्टे?" कांताबाई ओरडली. आवाज असा, की शेजारच्या वर्गातली मुलं नमस्ते करत उभी राहिली.

रीना जमिनीकडे पाहत म्हणाली, "मालूम नहीं."

"सहामाहीला हीच पहिली होती," मॅडम म्हणाल्या. त्यांचं माहेर नागपूरचं, म्हणून बीरगांवच्या त्या हिंदी शाळेत एवढं मराठी चाललं होतं. "आणि गंमत पाहा. चारातला एक पर्याय निवडायचा होता. डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी आठ-दहा बरोबर निघाल्या असत्या. हिची एकही नाही. इतकं चुकवायला सगळं यावं लागतं, बाई."

कांताबाईनं क्षणभर मॅडमकडे पाहिलं. मग फाडकन रीनाच्या कानाखाली वाजवली.

"अहो, मारता काय!"

"मारू नको तं काय हार घालू? हिच्या बापाले सिलतऱ्याच्या भट्टीवरून काढलं, चार महिने झाले. मी तीन घरची भांडी घासून राहिली. अन् ही महाराणी शून्य आणून राहिली!"

मॅडमनी रीनाला जवळ ओढलं. गालावर चार बोटं उमटली होती.

"जूनमध्ये फेरपरीक्षा आहे. सुट्टीत हिला माझ्या घरी पाठवा, बूढापाऱ्याला. फुकट शिकवते. बसचं भाडंही मी देते. हुशार पोरगी आहे हो, हिला पास करूनच सोडीन."

कांताबाईनं डोळ्यांना पदर लावला. "मायसारख्या भेटल्या, मॅडम. उद्यापासूनच धाडते."

मायलेकी फाटकाबाहेर पडल्या. गल्लीच्या वळणावर कांताबाई थांबली, मागं वळून कोणी नाही ना ते पाहिलं आणि लेकीच्या गालावरून हात फिरवला.

"लय लागली काय वं? काय करू, मॅडमले शक येऊन राहिला होता."

"हव," रीना म्हणाली. "अब जून में क्या करूँ?"

"या बारीनं थोडे बरोबर लिहिजो, सगळेच नको चुकवू. पण पास नाही व्हाचं. नववीच्या पोरायले शाळेत जेवण नाही भेटत."