एक्कावन्न चोर

"एक्कावन्न जण चोरून खेळतायत आणि तू चहा सांगतोस?" हृषीकेशने लॅपटॉप काउंटरवर आदळला. म्हणजे आदळल्यासारखा ठेवला. गेल्या तीन वर्षांत त्याने जे काही केलं होतं ते सगळं त्यातच होतं.

"चहा पिऊन पण ओरडता येतंय की बे," सोमेश म्हणाला आणि समोरच्या टपरीकडे दोन बोटं दाखवली.

सोलापूरच्या नव्या पेठेतलं सोमेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान जेमतेम दहा बाय दहाचं. दोघे पाचवीपासूनचे मित्र. हृषीकेशने नोकरी सोडून 'ताणाबाणा' नावाचा गेम बनवायला घेतला, तेव्हा त्याला वेड्यात न काढणारी माणसं दोनच होती. एक सोमेश, दुसरी आई. गेम साधाच होता. मागावर उभे-आडवे धागे जुळवायचे आणि नक्षी बिघडू न देता चादर पुरी करायची. अशा नऊ चादरी झाल्या की जिंकलात.

कुलूप मात्र साधं नव्हतं. विकत न घेता कुणी गेमची नक्कल केली, तरी तो बंद पडायचा नाही. मुकाट चालायचा. फक्त तिसऱ्या चादरीला धागा तुटायचा. जोडला की पुन्हा तुटायचा. चोराला वाटावं, आपल्यालाच जमत नाही. आपल्या या खोडसाळपणावर हृषीकेश बेहद्द खूश होता.

चोर यायला आधी गिऱ्हाईक यावं लागतं, हे त्याला उशिरा कळलं. विकत घेणारे सात निघाले. मग जानेवारीच्या मध्यावर त्याच्या लॅपटॉपवर दिसणारा खेळणाऱ्यांचा आकडा अचानक वाढायला लागला. दहा, तीस, एक्कावन्न. यातल्या एकानेही गेम विकत घेतलेला नव्हता. सगळे सोलापुरातलेच, सगळे दुपारी तीन ते पाच खेळणारे, आणि सगळे तिसरी चादर आरामात पार करणारे, म्हणजे कुलूपच नसलेली प्रत खेळणारे.

खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस त्याला राग आलाच नव्हता. आपला गेम कुणीतरी खेळतंय, या आनंदात तो आकडा बघत बसायचा. कॉलेज बुडवणारी पोरं असतील, असा त्याचा अंदाज. पण मग पुण्याच्या एका कंपनीतून भार्गवी मॅडमचा फोन आला. गेम आवडलाय, घेऊ. मात्र तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत हे फुकटे दिसतायत, तेव्हा बिनकुलपाची प्रत कुणी बाहेर काढली त्याचं नाव सोमवारपर्यंत कळवा. तक्रार आम्ही करू. नाव नाही तर करार नाही.

आज शनिवार होता.

"बिनकुलपाच्या प्रती दोनच आहेत," हृषीकेश म्हणाला. "एक माझ्या घरात. एक तुला तपासायला दिलेली."

सोमेशच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. "म्हणजे मी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलास बे? पोरं येतात, चोरीचे गेम मागतात, मी घालून पण देतो. खोटं कशाला बोलू? पण तुझा दिला नाही. तुझा कुणी मागितलाच नाही."

हे हृषीकेशला जरा जास्तच लागलं. चहा आला. सोमेशने एक कप त्याच्यापुढे सरकवला. नाव द्यायचं तर सोमेशचंच द्यावं लागणार होतं. मग इतक्या वर्षांच्या दोस्तीचं काय होणार?

तेवढ्यात सत्तरीच्या एक बाई पायरी चढून आल्या. डोक्यावर पदर, काखेत लॅपटॉप.

"या रंभाबाई," सोमेश म्हणाला. "परत नातीचा लॅपटॉप बिघडवला का?"

"मी कशाला बिघडवू? नवव्या चादरीच्या फुडं कायच येत न्हाय. तूच बघ."

स्क्रीनवर 'ताणाबाणा' होता. हृषीकेश ताडकन उठला आणि सोमेशकडे बघत राहिला. सोमेशचे कान लाल झाले.

"रंभाबाई, हा गेम तुम्हाला मी घालून दिला का?"

"तू? तुला काय येतंय त्यातलं!"

हृषीकेशने स्टूल पुढे ओढून त्यांना बसायला दिलं. आवाज होईल तेवढा गोड केला. "गेम चांगला दिसतोय, आजी."

"लई! आमच्या कॉलनीतल्या बायका टीव्ही बंद करून खेळत्यात. आमची शांतम्मा तर म्हनती, मागावर जल्म गेला, पन चादर विणायची मजा आत्ता कळली. धावी चादर कवा येनार, तेवढं सांगा."

"येईल की," हृषीकेश बोलून गेला. चोरीच्या मालाची तारीफ ऐकून आपला चेहरा फुललाय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो घाईघाईने आवरला. "मलाही हवाय हा गेम. तुम्हाला दिला कुणी?"

रंभाबाईंनी दाराकडे बघून घेतलं आणि आवाज उतरवला.

"संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण मिळालं. दरसाली पेलास्टिकचे डबे असत्यात. औंदा बाईनं पेनड्राइव्ह लुटले, एक्कावन्न बायकांना! लेकानं तीन वर्सं खपून गेम क्येला, पन कुनी घेईना, पोरगं आतल्या आत झुरतंय म्हनली. रोज दुपारी उलसं खेळा, तेवढंच त्याला बरं वाटंल." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "पन तुमी कुटं बोलू नका हां. हृषीला कळू द्यायचं न्हाय, अशी प्रभाताईनं समद्यांकडनं शपथ घेतलीया."