हातब्रेक

लष्करी लिलावातून घेतलेल्या माझ्या जीपला विलक्षण कंप सुटत असे. आर्णीच्या वृद्ध रामधन मिस्त्रींनी चारही चाकांना बळ वाटणाऱ्या गिअरपेटीतील तेल बोटांवर चोळले. त्यात लोखंडाचा चुरा चकाकला.

"दाते झिजले. हातब्रेक ओढ, पंजाबराव."

मी ब्रेक गच्च ओढला. मिस्त्रींनी गाडीखाली उताणे निजून मागील चाकांकडे जाणारा दांडा सोडवला. तत्क्षणी जीप उतारावर सरकू लागली! भयभीत होऊन मी चाकाखाली दगड लोटला.

मिस्त्री बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हा ब्रेक त्या दांड्यालेच धरते. दांडा सुटला का ब्रेक गेला. साऱ्यायले मीच शिकोलं, अन् आज मीच इसरलो."

त्यांनी पाना माझ्या हाती दिला.

"आता खाली तू जाय. वर मी लक्ष ठेवतो."