फोर्तुनाताची पोयादा

"बंद करू या," झोराइदा म्हणाली आणि तिनं झारा परातीत आपटला.

दुपार कलली तरी अंगणातल्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. तेल तापून तापून काळं पडायला लागलं होतं. लाल मिरची, लसूण नि जिऱ्यात मुरलेली कोंबडी टबांमध्ये तशीच पडून होती. एल्मेरनं आणलेले भोंगे केकाटत होते, पण ऐकायला फक्त त्याचं कुत्रं.

पोयादा म्हणजे अडलेल्यासाठी शेजाऱ्यांनी कोंबडी तळून विकायची आणि पैसा उभा करायचा. तिची कार्डं वाटली तेव्हा सगळ्यांनी हसत हसत घेतली होती. "येतो की! लिमात पोयादाला कोण नाही म्हणतं? ताट हातात आलं की पैसे देतो." आणि आज नेमकी चिलीशी मॅच. अख्खी टेकडी खाली तेओफिलोच्या दुकानात टीव्हीला चिकटली होती.

"सकाळपासून दारं ठोठावून माझे गुडघे गेले," नेलिदा म्हणाली. "जो तो म्हणतो, मॅच संपली की येतो. कसले येतायत! जिंकले तर पितील, हरले तर आणखी पितील."

"पुढच्या रविवारी करू," झोराइदा म्हणाली. "मावशीला तसं सांगू."

"पुढच्या रविवारी?" एल्मेरनं भोंगा बंद केला. "शुक्रवारपर्यंत हृदयाचा व्हॉल्व्ह विकत आणून दिला नाही तर तिचं ऑपरेशन होत नाही, माहितेय ना?"



मावशी म्हणजे फोर्तुनाता. ती पत्र्याच्या भिंतीपलीकडे खाटेवर पडली होती आणि तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता. या टेकडीवरची एकही पोयादा तिच्याशिवाय झाली नव्हती. झोराइदाच्या पोराचा पाय मोडला, एल्मेरचं छप्पर जळलं, प्रत्येक वेळी कढई हिनं मांडली आणि दारोदार हीच फिरली. कुणी दमून बसलं की पाठीत धपाटा घालून उठवायची. पण ज्याच्यासाठी पोयादा, त्यानं स्वतः कढईपाशी यायचं नसतं. भीक मागितल्यासारखं दिसतं. म्हणून बाई सकाळपासून दातावर दात ठेवून पडून होती. आता मात्र तिला राहवेना.

पडदा सरकला. पाय सुजलेले, श्वास लागलेला, आणि कमरेला एप्रन.

"अगं मावशी! डॉक्टरांनी खाटेवरून उठू नको म्हणून सांगितलंय ना?"

"डॉक्टरांनी व्हॉल्व्ह पण आणायला सांगितलाय. कुठलं ऐकू?"

"लोकच येत नाहीत गं. आम्ही तरी किती हातापाया पडायचं?"

"दार ठोठावल्यावर म्हणालात काय?"

नेलिदा चाचरली. "हेच की... बिचारी फोर्तुनाता मावशी आजारी आहे..."

"बिचारी!" म्हातारी कडाडली. "बिचारी म्हटलं की लोक हळहळतात, देवाच्या हवाली करतात आणि दार लावून घेतात. हातापाया कसल्या पडता? तुम्ही कोंबडी विकताय, ती पण टेकडीवरची सगळ्यात चांगली. तळा. ताटं भरा. आणि चला माझ्यामागं."

खाली उतरताना ती प्रत्येक वळणावर थांबली. झोराइदानं दंड धरायला हात पुढं केला तर तिनं तो झटकला. "तू ताट सांभाळ. सांडलंस तर बघ."

तेओफिलोच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कोपरानं ढोसत ढोसत फोर्तुनाता थेट पुढं गेली आणि टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली.

एकच गिल्ला झाला. "ए आजी, बाजूला हो! कॉर्नर आहे, कॉर्नर!"

"वाल्दीर, कार्ड घेतलंयस ना रे?"

"घेतलंय की."

"मग ताट घे नि पैसे काढ."

"हाफटाइमला, आजी. आईशप्पथ."

"तुझ्या आईच्या पोयादाला मी हाफटाइमला आले होते का?"

वाल्दीरची मान खाली गेली. हात मुकाट्यानं खिशात गेला. त्याच्या शेजारच्याचाही गेला. नेलिदा ताटं पुढं करत सुटली.

गल्ल्यापाशी एक परका माणूस होता, सरबताच्या गाडीवरचा ड्रायव्हर. त्यानं विचारलं, "मावशी, पण हे चाललंय कुणासाठी?"

नेलिदानं खाली बघितलं.

"वरच्या आळीत एक म्हातारी आहे," फोर्तुनाता म्हणाली. "महाखवट. तिला अजून मरायचं नाहीये."

"मग दोन द्या," ड्रायव्हर म्हणाला.

झोराइदाला हसू आलं, रडूही आलं. तिनं डोळे पुसले, पुढं झाली आणि म्हातारीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दुसऱ्या बाजूनं नेलिदा आली. टीव्हीचा उरलासुरला कोपराही झाकला गेला. "कार्डं काढा," झोराइदा ओरडली. "ज्यानं ज्यानं घेतलंय, त्यानं हात वर करा!"

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं टीव्ही किंचाळला, "गोऽऽऽल!"

माणसं खुर्च्यांवर चढली, माना वाकड्या केल्या, पण तिघींच्या आडून कुणाला काही दिसलं नाही. गोल आपल्यावर झाला की आपण केला, तेही कळेना.

"म्हातारे, घालवलास ना गोल!" मागून कुणीतरी बोंबललं.

फोर्तुनातानं एक हात छातीवर दाबून धरला होता. श्वास जमेपर्यंत ती थांबली.

"गोल पुन्हा दाखवतात रे," ती म्हणाली. "म्हातारी पुन्हा दाखवत नाहीत. ताट धर."