दोन दिवसांत लिस्बन

"आज आम्ही घरीच लोळणार. पायांचे पार तुकडे पडलेत," दोन दिवसांसाठी घर भाड्याने घेतलेली डॅनिश पाहुणी म्हणाली. घरमालकीण देओलिंदा लगबगीने पुढे आली.

"अहो, लिस्बनला येऊन घरात कसल्या बसता? किल्ला बघा, ट्रामने फिरा, बोटीने नदीपलीकडे जाऊन सार्डिन मासे खा. आणि टेकडीवरून सूर्यास्त बघितल्याशिवाय तर परतूच नका!"

"त्या बंद खोलीत काहीतरी वाजलं का?" पाहुणीच्या नवऱ्याने विचारलं.

"अडगळ आहे हो. मांजर शिरतं," म्हणत तिने दोघांच्या हातात टोप्या कोंबल्या.

खालचं दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे तिने एप्रनच्या खिशातली किल्ली काढून ती खोली उघडली.

"गेले ते, बाबा. आता खोकलात तरी चालेल."