पैलं बोलायचा मान

अंजनीनं एक्का-दश्शी बघितली आणि गपकन टाकून दिली.

शेजारी बसलेल्या मारुतीरावांनी हात लांब करून तिची पानं उलटी केली. टाकलेली पानं उलटायची नसतात. पण गुंजी गावच्या पंचाला सांगणार कोण?

"एक्का टाकला! अगं, एक्का!" ते सगळ्यांकडं बघून हसले. "पैलं बोलायची पाळी आली की पोरीचं पाय लटपटत्यात."

"पैलं बोलायचं म्हंजे मागच्या तिघांचं काय हाय ते न कळता बोलायचं, आप्पा. शेवटच्या जागी हीच पानं आली असती तर बोली वाढवली असती."

"शेवटी बोलायला मी काय बाईमाणूस हाय? गावात देवाला गाऱ्हाणं पैलं कोण घालतंय? मी. पैलं तोंड उघडायचं आणि पानं टाकायची? लोकं तोंडात शेण घालतील."

वडगावात त्या दिवशी लाईट न्हवती. साईनाथच्या कारखान्यातलं माग गप हुतं आणि साड्या घडी घालायच्या टेबलावर पोकर चाललेलं. सकाळी सोळा जण बसलेली, आता चौघं उरलेली. तिघांना गोव्यातल्या मोठ्या टुर्नामेंटचं तिकीट. चौथा तसाच घरी. साईनाथकडं बोलीच्या चिपा इतक्या कमी की दर फेरीला सक्तीनं लावायला लागत्यात त्यातच दोन फेऱ्यांत संपल्या असत्या. बाकीच्यांनी नुसतं पानं टाकत बसायचं, तिकीट घरी चालत येणार. मागाच्या धोट्यालाबी हे कळलं असतं.

मारुतीरावांना कळत न्हवतं. सकाळपास्नं अकरा वेळा त्यांच्यावर पैली पाळी आली, अकरा वेळा त्यांनी वाढवलं. एकदा तर सत्ती-चौकीवर. आणि शेवटची जागा मिळाली, जिथं खरं वाढवायचं, तिथं हा माणूस पानं टाकून निपाणीची तंबाखू मळत बसायचा. अंजनी याच कारखान्यात आठ वर्षं साड्या विणत हुती. एवढं चुकीचं खेळणारा माणूस तिनं या टेबलाला बसलेला बघितला न्हवता.

तीन डावांनी पैली पाळी परत मारुतीरावांची आली. शेवटी बोलणाऱ्याफुडं जे प्लास्टिकचं बटण ठेवत्यात, ते अंजनीफुडं आलं.

"बोला आप्पा," साईनाथ गोड आवाजात म्हणाला. "पैला मान तुमचा."

अंजनीनं त्याच्याकडं तिरकं बघितलं. मरायला टेकलाय, पण दुसऱ्याला फुडं ढकलायची अक्कल शाबूत हाय.

मारुतीरावांनी पानं नीट बघितलीबी न्हाईत. "वाढवलं."

अंजनीकडं राण्यांची जोड. तिच्या चिपा त्यांच्यापेक्षा मूठभरच जास्त. हरली तर साईनाथच्या पंगतीला बसणार, गोवा गेलंच. तिनं सगळा ढीग दोन्ही हातांनी फुडं लोटला.

साईनाथनं टाकली. चौथा यल्लाप्पा, त्यानंबी टाकली.

"आप्पा, टाका," अंजनी म्हणाली. "साईनाथ दोन फेऱ्यांत जातोय. तिकीट तुमचंच हाय."

खरं तेच सांगितलं. खरं सांगितलेलं ते ऐकणार न्हाईत, हे तिला पक्कं ठाऊक हुतं.

"तू मला शिकवतीस व्हय गं?" मारुतीरावांनी ढीग लोटला आणि पानं आपटली. राजा-नव्वी.

पाच पानं पडली. राजा आला न्हाय. शेवटी एक नव्वी आली, तीबी उशिरा आणि एकटीच; राण्यांच्या जोडीफुडं ती फुकटच.

यल्लाप्पा खाली मान घालून हसला.

मारुतीराव टेबलावर हात टेकून उठले. गुंजीत ते उठले की आख्खी सभा उठती. ते तसंच थांबले, एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत. साईनाथ पानं पिसत हुता.

"आप्पा," अंजनी वर न बघता म्हणाली, "हात उचला. खाली बटण अडकलंय."