अण्णांचा चिनी पिक्चर

"आता बघा, टकल्याला कशी धोबीपछाड बसते!" अण्णा माइकवर ओरडायचे आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. आमच्या व्हिडिओ सेंटरवर लागणाऱ्या कुंगफूच्या पिक्चरांतलं चिनी कुणालाच कळायचं नाही, म्हणून माझे वडीलच मराठीत गोष्ट सांगायचे.

आता अण्णांना दिसत नाही. काल त्यातलाच एक पिक्चर मोबाइलवर सापडला, तेव्हा त्यांना शेजारी बसवून मी गोष्ट सांगू लागले. टकल्याचा फटका छातीवर बसला आणि म्हातारे गुरुजी कोसळले. खाली सबटायटल आलं, गुरुजी गेले.

मी मात्र लहानपणी अण्णांच्या माइकवरून ऐकलेलंच म्हणाले, "गुरुजींना चक्कर आलीय, अण्णा. शेवटी उठतील."

अण्णांनी हसत माझा हात चाचपला. "मेलेत गं ते. पण तेव्हा पहिल्या रांगेत तू असायचीस ना!"